पांढरा पट्टा, पहिली स्पर्धा : नाशिकच्या चौघांच्या दहा आठवड्यांच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

ब्राझिलियन जिऊ-जित्सूची (बीजेजे) स्पर्धा १४ डिसेंबरला मुंबईत, गी (जाड कोट आणि पॅन्ट) घालून. नियम आणि वजनगट आयबीजेजेएफचे, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे. चौघांचाही पट्टा पांढरा (म्हणजे अगदी सुरुवातीचा), त्यामुळे मॅच पाच मिनिटांची. नोंदीत नावांऐवजी वजनगट लिहितोय, किलोत: ७० वाला, ७६ वाला (वय ३३, म्हणून मास्टर १ हा वयोगट), ५८.५ वाली, आणि ८२.३ चा एक जण, ज्याला सगळे पैलवानच म्हणतात. सहा वर्षं तालमीत काढून आलाय. सराव सातपूरच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आठवड्यातून चार संध्याकाळी. मॅट ६ बाय ५ मीटर, जाडी ४० मिमी. आधी २० मिमीची होती, तिच्यावर पट काढला (पाय धरून पाडलं) की खालच्याचा खांदा आणि वरच्याचा गुडघा, दोन्ही शेकून निघायचे.

आज फक्त वजनाचं काम, आणि त्यातच पहिली चूक. फॉर्मवर गट अंगाच्या वजनावरून भरले. गीच्या स्पर्धेत वजन गी आणि पट्ट्यासकट होतं, तेही पहिल्या मॅचच्या अगदी आधी, आणि एकदाच. काटा वर गेला की बाद. उतरून घाम गाळून परत चढायची सोय नाही. त्यामुळे आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवण्याचा तालमीतला उपाय इथे कामाचा नाही. पाणी तोडलंत तर दहा मिनिटांत तसेच मॅटवर उभे राहाल.

आमची ए-२ मापाची गी पट्ट्यासकट १.७५ किलो भरली. घरच्या काट्यावर ७० वाला ६९.१ दिसत होता. शंका आली म्हणून काट्यावर व्यायामाच्या वजनाची २० किलोची थाळी ठेवली, तर १९.५ दाखवतोय. मग पंचवटीत मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडच्या, वैधमापनचा शिक्का असलेल्या काट्यावर चौघांना उभं केलं. ७० वाला ६९.६ निघाला. गी धरून ७१.३५. आता अंगाचं वजन ६७.८ वर आणायचं: दहा आठवड्यांत पावणेदोन किलो. एवढं पोटाला चिमटा न काढता होतं. पैलवान ८०.२, अगदी काठावर. बाकी दोघांना चिंता नाही.

वजन करून आल्यावर कोजागिरीचं आटीव दूध झालं. तेही वजनातच धरायचं.

९ ऑक्टोबर

गीची मापं घेतली. दोन्ही हात समोर, जमिनीला समांतर ताणून धरायचे: बाही मनगटाच्या हाडापासून ५ सेंमीपेक्षा जास्त मागे नको. पॅन्ट घोट्याच्या हाडापासून ५ सेंमीपेक्षा वर नको. बाहीचं तोंड किमान ७ सेंमी. पट्टा बांधल्यावर दोन्ही टोकं २० ते ३० सेंमी लोंबायला हवीत. रंग पांढरा, निळा किंवा काळा. निळा कोट आणि पांढरी पॅन्ट चालत नाही. बाहीसाठी ७ सेंमी रुंद पुठ्ठ्याची पट्टी कापून ठेवलीय, ती पूर्ण हातभर आत फिरली की झालं.

७० वाल्याने नवी गी घेतली होती, ५,२०० रुपयांची. पहिल्याच धुण्यात ती गिझरच्या कढत पाण्यात भिजवली आणि ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर टाकली. मनगटापासूनचं अंतर २ सेंमी होतं, ते सव्वासहा झालं. ओली करून ओढून पाहिली, वजन टांगून वाळवली. जेमतेम अर्धा सेंमी परत आला. कोटावर 'आधीच आटवलेलं कापड' असं छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. गार पाणी, सावली, उलटी करून वाळवणं. ही गी आता हॉलवरची जादा गी. दुसरी घ्यावी लागणार, म्हणजे ५,२०० पाण्यात.

ज्यांना सुरुवातीला कराटेचा ड्रेस चालवायचाय त्यांच्यासाठी: चालत नाही. स्पर्धेचं जाऊ द्या, सरावातही नाही. पातळ कॉलर दोन आठवड्यांत काखेतून उसवते. ज्युडोचा कोट चालून जातो, फक्त मापं तपासा.

१४ ऑक्टोबर

पहिल्या सराव मॅचेस. सहा मॅच, प्रत्येकी पाच मिनिटं, एक पंच, एक जण मोबाइलवर वेळ आणि वहीत गुण लिहायला. पाडणं २, स्वीप (खालून वरच्याला उलटवणं) २, पोटावर गुडघा २, गार्ड पास (खालच्याच्या पायांची अडवणूक, म्हणजे गार्ड, पार करणं) ३, माउंट (अंगावर स्वार होणं) ४, पाठीवर ताबा ४.

वही वाचल्यावर कळलं की आजवरच्या सरावात काय सुटलं होतं. सहा मॅचमध्ये नऊ वेळा कुणी ना कुणी पाडलं, पण गुण मिळाले फक्त चार वेळा. कारण गुण जागा मिळाल्याचा नसतो, ती तीन सेकंद टिकवल्याचा असतो. पाडलं आणि समोरचा दुसऱ्या सेकंदाला उठला तर फार तर अॅडव्हान्टेज, म्हणजे गुण बरोबरीत सुटले तरच कामाला येणारी नोंद. गार्ड पास करून छातीवर आलात आणि तो लगेच गुडघ्यांवर वळला, तरी तेच. रोजच्या रोलिंगमध्ये (सरावातल्या मोकळ्या झुंजीत) हे कुणी मोजतच नाही. 'पास झाला' म्हणून दोघेही मनात नोंद करून पुढे जातात.

लगेच एक सराव लावला. एक जण पास करून साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाबून धरणं) घेणार, खालचा जीव तोडून सुटणार, तिसरा मोठ्याने मोजणार. पहिल्या दिवशी मोजणाऱ्याचीच गडबड. त्याचं 'एक-दोन-तीन' घड्याळावर १.९ सेकंदांत संपत होतं. 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हणायला लावलं, तेव्हा बरोबर आलं. आता रोज सरावाच्या शेवटी प्रत्येकाच्या दहा फेऱ्या.

तीन सेकंद टिकत का नाही, तेही दिसलं. पास करून पोचल्यावर सगळे आधी दोन्ही हातांनी डोकं आवळतात आणि कंबर मोकळी सोडतात. खालच्याला श्वास जड जातो, पण त्याचा कुल्हा फिरतो आणि गुडघा आत येतो. आधी कुल्हा अडवा: एक हात त्याच्या पलीकडच्या कुल्ह्याला लावून, आपला गुडघा अलीकडच्या कुल्ह्याला टेकवून. डोकं नंतर.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत आठ दिवस हॉल बंद. ७० वाला ७०.३. फराळाचा हिशोब कुणी विचारू नये.

२८ ऑक्टोबर

आज अख्खा दिवस पैलवानावर. याच्या नोंदी जरा सविस्तर लिहितोय, कारण नाशिकला बीजेजेकडे येणारे बरेच जण तालमीतूनच येतात आणि सगळ्यांची अडचण हीच असते.

जमेच्या बाजू आधी. उभं राहणं, वजन खाली ठेवणं, दुहेरी पट: यात पांढऱ्या पट्ट्याचा कुणीही त्याच्यासमोर टिकत नाही. तोटा एकच, पण तो मुळात. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, खेळ खलास. म्हणून पाठ जमिनीकडे गेली की शरीर आपोआप पालथं होतं. बीजेजेत पाठ टेकणं हा गुन्हा नाही. पालथं होणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं. तो दोन्ही टाचा मांड्यांच्या आत घालतो, चार गुण घेतो आणि कॉलरला हात घालतो. आज दहा वेळा साइड कंट्रोलखाली ठेवून शिट्टी वाजवली. आठ वेळा पालथा. चारदा गळा आवळला गेला.

'पालथं होऊ नको' असं सांगून उपयोग नाही, कारण हे डोक्याने होतच नाही. हाताला दुसरं काम द्यावं लागतं. शिट्टी वाजली की जवळचा कोपर वरच्याच्या कुल्ह्यापाशी, दुसऱ्या हाताचं मनगट त्याच्या मानेखाली, पाय रोवून कुल्हा बाहेर सरकवायचा, मोकळ्या जागेत गुडघा आत. हात अडकलेले असले की अंग वळत नाही. रोज दहा मिनिटं, आधी समोरच्याच्या निम्म्या जोराने.

दुसरी गोष्ट पट काढतानाची. मातीत मान खाली घालून घुसण्याची सवय आहे. इथे खाली गेलेली मान म्हणजे आयता गिलोटिन: समोरून काखेत मान धरून गळा आवळणं. कपाळ समोरच्याच्या छातीला किंवा बरगडीला, नजर वर, पाठ सरळ. आणि पट लागल्यावर मान त्याच्या काखेत राहिली असेल तर ओढून काढायची नाही. अंग मानेच्या उलट बाजूला न्यायचं.

४ नोव्हेंबर

५८.५ वालीच्या दंडावर लाल चकंदळ, कडा उठलेली. गजकर्ण. दोन दिवसांत ७० वाल्याच्या मानेवर. अशा त्वचेने स्पर्धेतही उतरू देत नाहीत, म्हणून दोघांचा सराव बंद.

चूक आमचीच. दिवाळीनंतर हॉल उघडला तेव्हा मॅट नुसती झाडली. आणखी एक चूक वेळेत पकडली: मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड होतं. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो, साधं बुरशीचं मलम, डाग गेल्यावरही पुढे काही दिवस लावायचं. डॉक्टर आणि औषध मिळून १,४५० रुपये आणि दोघांचे बारा दिवस.

आता रोज सरावानंतर मॅट ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसतो, दहा मिनिटं ओली ठेवतो, मग साध्या पाण्याने. जोडांच्या फटीत ब्रश. मॅटबाहेर चप्पल, मॅटवर अनवाणी. गी एका सरावानंतर धुवायचीच, मग ती कितीही कोरडी वाटो.

११ नोव्हेंबर

पहिली तीस सेकंदं. दोघं उभे राहतात, कॉलर आणि बाही पकडतात आणि ढकलाढकली सुरू. दोन मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड. मूठ उघडत नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या मॅच तिसऱ्या मिनिटाला ज्या लुळ्या पडतात त्या बहुतेक इथूनच.

ठरवलं की प्रत्येकाची सुरुवात एकच, लिहून ठेवलेली. ७० वाला: उजवा हात कॉलर, डावा बाही, तीन-चार सेकंदांत हालचाल, नाही जमली तर पकड सोडून नवी. पैलवान: कॉलर दाखवायची, घ्यायची नाही, पट. ७६ वाला आणि ५८.५ वाली: पकड घेऊन गार्ड ओढणार, म्हणजे स्वतः पाठीवर जाऊन समोरच्याला पायांत घेणार. पकड न घेता नुसतं खाली बसलं तर दंड. उडी मारून क्लोज्ड गार्ड घेणं (पाय समोरच्याच्या कंबरेमागे अडकवणं) पांढऱ्या पट्ट्याला बंदच. आणि समोरच्याने तुमची पॅन्ट धरलेली असताना गार्ड ओढलात तर तीन सेकंदांनी त्याला पाडल्याचे दोन गुण. ७६ वाला आज असे दोनदा देऊन बसला.

बोटांना १.२५ सेंमीची झिंक ऑक्साइड टेप, मधल्या सांध्याच्या वर-खाली, सांधा मोकळा सोडून. रुंद पट्टी घेऊन उभी फाडत बसू नका, वेडीवाकडी फाटते.

१९ नोव्हेंबर

कशाने बाद होतो त्याची यादी हॉलच्या दारावर लावली: हील हुक, नीबार, टो होल्ड (तिन्ही पायाचे लॉक), काफ स्लायसर, बायसेप स्लायसर (दोन्ही स्नायू चिरडणारे), मनगटाचा लॉक, उचलून आपटणं, कात्री मारून पाडणं, समोरच्याच्या गुडघ्यावरून पाय आत आणून रीप करणं. सरळ अँकल लॉक चालतो, पण तो लावताना पाय आपोआप रीपकडे जातो, म्हणून चौघांनाही सांगितलं की या स्पर्धेत तो विसराच.

बाहीच्या किंवा पॅन्टच्या तोंडात आतून बोटं घालणं हाही दंड. ही सवय चौघांनाही आहे.

२३ नोव्हेंबर

घरची स्पर्धा. बाहेरचे पाच खेळाडू बोलावले, मॅटवर चिकटपट्टीने हद्द आखली. हॉल लहान, म्हणून सगळ्यांना भिंत आली की थांबायची सवय. खरी मॅट बरीच मोठी असते, तिथे पळायला जागा असते.

७६ वाला आर्मबारमध्ये (कोपर उलटा ताणणारा लॉक) अडकला आणि तोंडातून 'आई गं' निघालं. पंचाने मॅच थांबवली. वाद झाला, पण नियम तसाच आहे: लॉकमध्ये असताना वेदनेचा आवाज म्हणजे तोंडी टॅप, हार मान्य. दात दाबून ठेवा, नाहीतर सरळ हाताने दोनदा थोपटा.

तीन सेकंदांचं काम चांगलं झालंय. अकरा वेळा पाडलं, नऊ वेळा गुण. पैलवान दहापैकी तीनदाच पालथा.

त्याच्या पॅन्टचा गुडघ्याचा दुहेरी थर मात्र उसवला. फाटकी गी तपासणीत बाद होते. नेहमीच्या टेलरकडे दिली तर सुई मोडली. भद्रकालीत बॅगा शिवणाऱ्याकडे जड मशीन आणि १८ नंबरची सुई, तिथे काम झालं. कोटाच्या कॉलरच्या दोन शिवणीही पक्क्या करून घेतल्या. ३०० रुपये.

३ डिसेंबर

७० वाला ६८.१. फक्त रात्रीचा भात आणि सरावानंतरचा वडापाव बंद केला होता. पैलवान ८०.०, गी धरून ८१.७५.

नाशिकची थंडी सुरू झालीय, आणि तिने एक हिशोब बिघडवला. संध्याकाळी धुतलेली गी सकाळी हाताला कोरडी लागते, पण वजन १.९५. कापडात दोनशे ग्रॅम ओल. स्पर्धेची गी शेवटची ११ तारखेला धुवायची, दोन दिवस उन्हात... नव्हे, सावलीत, मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

गार अंगाने पट काढायला गेल्यामुळे ७६ वाल्याची मांडी भरली. आता आधी वीस सपाट्या आणि पाच मिनिटं हलकं रोलिंग. शेवटच्या आठवड्यात जोर निम्मा, नवीन डाव काही नाही.

१३ डिसेंबर

पहिल्या मॅच सकाळी ९ ला. पंचवटी एक्सप्रेस साडेदहा-अकराला मुंबईत पोचवते, म्हणजे बाद. पहाटे तीनला गाडी काढून कसारा घाट उतरायचा बेत होता. तोही सोडला, कारण चार तास पाय दुमडून बसलेल्या कुल्ह्यांनी लगेच मॅच खेळता येत नाही. आज दुपारी निघालो, हॉलपासून दहा मिनिटांवर लॉज. थाळी वरण-भात, पोळी, साधी भाजी. मुंबईत आलोय म्हणून मासे खायची ही रात्र नव्हे.

१४ डिसेंबर

वेळापत्रक दीड तास मागे पडलं. ७० वाला नऊच्या हिशोबाने साडेसहाला खाऊन बसला होता, साडेदहाला पोटात कावळे. केळी आणि खजूर सोबत होते म्हणून निभावलं. उलटही होतं, गट लवकर पुकारतात. गरम होण्याच्या जागेपासून लांब जाऊ नका.

काटा: ७० वाला गीसकट ६९.६. चौघंही तपासणीतून एका फेरीत पार.

७० वाला: पहिली मॅच ५-० जिंकली. पाडून २, पास करून ३. दुसरीत क्लोज्ड गार्डमध्ये दोन्ही हात मॅटवर टेकवले, समोरच्याने कॉलरमध्ये दोन्ही हात घालून गळा आवळला, संपलं. ३ मिनिटं ४० सेकंद.

५८.५ वाली: गटात तिघीच. पहिली मॅच पाठ घेऊन ४ गुण आणि मागून गळा. पाय एकमेकांत अडकवले नाहीत, हे महत्त्वाचं. अडकवले तर चार गुण मिळत नाहीत. फायनल ०-३, गार्ड पास झाला. रौप्य.

७६ वाला: ०-२, स्वीप.

पैलवान: विसाव्या सेकंदाला दुहेरी पट, दोन गुण. समोरच्याने क्लोज्ड गार्ड लावला. पैलवानाने त्याला वरून दाबून धरलं, आणि धरूनच बसला. पंचाने वीस सेकंद मोजून पहिला दंड दिला. त्यात नुसती नोंद होते. दुसऱ्या दंडाला समोरच्याला अॅडव्हान्टेज. तिसऱ्याला समोरच्याला दोन गुण. वेळ संपली तेव्हा २-२, अॅडव्हान्टेज ०-१. हरला. समोरच्याने पाच मिनिटांत एकही गुणाची जागा घेतली नव्हती.

बाजूला बसून आम्ही 'धर, धर' ओरडत होतो, हेही लिहून ठेवायला हवं.

१६ डिसेंबर

खर्च, चौघांचा मिळून: गी दोन १०,४००, प्रवेश फी ९,००० आणि दोघांचे फॉर्म उशिरा गेल्याचे जादा १,०००, गाडी जाऊन-येऊन टोलसकट ७,४००, लॉजच्या दोन खोल्या ४,८००, खाणं २,१५०, डॉक्टर-औषध १,४५०, टेप ६४०, शिलाई ३००, ब्लीच १८०. एकूण ३७,३२०, माणशी ९,३३०. हॉलचं भाडं धरलेलं नाही. यातले ६,२०० निव्वळ निष्काळजीपणाचे: आटलेली गी आणि उशीर.

पैलवानाच्या मॅचचा व्हिडिओ तीनदा पाहिला. चूक त्याची नाही, १४ ऑक्टोबरपासून लावलेल्या सरावाची आहे. मोजणारा 'एकशे तीन' म्हणाला की फेरी संपायची, दोघं सोडून उठायचे. नऊ आठवडे शरीराला शिकवलं की तीनला काम झालं. तीननंतर काय, हे एकदाही खेळून पाहिलं नाही. बाकी तिघांना रोलिंगची सवय जुनी, म्हणून निभावलं. याला कुस्तीची, आणि कुस्तीत वरचा कब्जा घेऊन बसणं शहाणपणाचं.

सराव बदललाय. आता 'एकशे तीन' नंतर फेरी संपत नाही. मोजणारा थांबत नाही, 'एकशे चार' म्हणतो, आणि चारच्या आत वरच्याने पुढची हालचाल सुरू करायची: साइड कंट्रोल असेल तर गुडघा पोटावर, क्लोज्ड गार्ड असेल तर पाठ सरळ करून एक पाय उभा आणि समोरच्याच्या घोट्यांची गाठ सोडवायला सुरुवात. नाही केली तर दोघं उभे, फेरी पहिल्यापासून.

आज पहिल्या दिवशी दहापैकी सहा वेळा पैलवान 'तीन' ऐकून तसाच बसून राहिला.